मागं वळून बघणारा

“मघापासून सारखं मागं वळून बघायलाय तुम्ही, अक्का.”

मी दचकले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसला होता. मांडीवर मिटलेली काळी छत्री, आणि एक पाय लांब करून ठेवलेला. समोर मैदानावर माझा भाऊ त्रिविक्रम खेळत होता. झिमझिम नुकती थांबली होती, गवताला ओला वास होता, आणि हा अनोळखी माणूस माझ्याशी चक्क मराठीत बोलत होता... बेंगळूरमध्ये.

“माझी मुलगी आहे तिथे,” मी शक्य तितक्या कोरडेपणानं म्हटलं. “तिच्याकडे बघते. तुमच्याकडे नाही.”

“ते कळलं की. माझ्याकडं बघायला एवढी मान कशाला वळवाल? मी इथं बाजूलाच हाय.” तो हसला. “तुम्ही तिला हाक मारलीत, तेव्हा मराठी हाय ते कळलं. रागावू नका. मी कौतुक करायलोय. आमच्या पोरांना जमेना, ते तुम्हाला जमतंय.”

मागे झाडाखाली वसू भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. चार वर्षांची माझी मुलगी. ती दोन वर्षांची असताना तिचे वडील सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेले, ते परत आले नाहीत. तेव्हापासून मला ही सवय लागली होती... पुढे बघायचं, पण मागे कोण आहे ते मोजत राहायचं. या सवयीचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. घरी माझे वडील, अण्णा, तर म्हणत, अहल्या, मान मोडेल एक दिवस.

“काय जमतंय मला?”

“तो मधे खेळणारा बघा. सेंटर-हाफ. सगळी टीम त्याच्यावर चालते. चेंडू पायाशी आल्यावर मागं कोण हाय ते कुणीही बघतं. पण तोवर उशीर झालेला असतो. चेंडू यायच्या *आधी* जो वळून बघतो ना, तो मला पाहिजे. सगळी कॉलेजं पालथी घातली, असा एक सापडेना.”

म्हणजे हाच तो.

शहराबाहेरच्या नव्या कारखान्याची फुटबॉल टीम यंदा कॉलेजातली पोरं निवडणार होती, आणि टीममध्ये घेतलं की कारखान्यात नोकरी. आमच्या चामराजपेटेतल्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. अण्णा पेन्शनीत निघाले होते, मी शाळेत शिकवत होते, आणि त्रिविक्रमनं बी.ए.च्या पुस्तकांपेक्षा बुटांना जास्त पॉलिश केलं होतं. त्याला नोकरी लागली की घर उभं राहणार होतं. ‘निवडणारा माणूस’ मी मनात रंगवला होता तो मिशीवाला, टोपीवाला, म्हातारा. हा तर...

“तो लाल मोज्यांचा बरा खेळतो, नाही?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“बरा? चेंडूला त्याचा पाय आवडतो, असं खेळतो. पण...”

ते ‘पण’ तिथेच लटकत राहिलं, कारण शिट्टी वाजली आणि त्रिविक्रम धावत आला. “अक्का, पाणी दे गं.”

तो माणूस उठून उभा राहिला. उठताना त्याचा गुडघा जरा अडखळला. “तुमचा भाऊ?”

“सख्खा.”

“मग हे बाक माझ्या कामाचं नव्हे.” त्यानं छत्री उचलली. “मला त्याला पारखायचंय. तुमच्याशी बोलत बोलत कसं पारखू?”

“सरी,” मी म्हटलं. आमच्या घरात ‘बरं’ला सरीच म्हणतात, आजोबा-पणजोबांपासून.

त्यानं गंभीरपणे तळहात पुढे केला, आभाळाकडे पाहिलं. “सरी? कुठं? थांबला की पाऊस.”

“तुम्हाला कन्नड येत नाही वाटतं.”

“आमच्या बेळगावाकडं दोन्ही येतात. पण शहाजीराजांच्या वेळचं मराठी आणि त्यात कन्नड, हे पहिल्यांदा ऐकायलोय.”

“आणि ‘ऐकायलोय’ हे कुठलं?”

तो हसतच गेला. लंगडत नव्हे, पण एका पायाला जपत. नंतर त्रिविक्रमनं सांगितलं, हा बसवंत. एके काळी स्वतः सेंटर-हाफ. गुडघा गेला, तेव्हा कारखान्यानं त्याला खेळाडू निवडायला बसवला.

---

त्या रात्री मला झोप नाही. ‘पण’ काय? पण उंची? पण उजवा पाय? की तेच... आधी वळून न बघणं? सकाळी उठल्या उठल्या मी त्रिविक्रमला अंगणात उभा केला.

“मी तुझ्या मागे उभी राहते. वसू चेंडू टाकेल. चेंडू पायाशी यायच्या आधी वळून बघायचं आणि माझ्या हातात काय आहे ते सांगायचं.”

“अक्का, तुला वेड लागलंय.”

“लागू दे. टाक गं वसू.”

“तांब्या,” तो ओरडला. मग “झारा.” मग “उलथनं... नाही, पळी.” वसू हसून हसून मातीत लोळली. अण्णा ओसरीवरून म्हणाले, “फुटबॉल आहे का भांड्यांचं दुकान?” पण आठवड्याभरात त्रिविक्रमची मान सवयीनं वळायला लागली. मला वाटलं, जमलं. आणि असं वाटताना एक गोष्ट मी स्वतःपासूनही लपवत होते... की पुढच्या मॅचची वाट मी केवळ भावासाठी बघत नव्हते.

पुढच्या मॅचला तो खरंच पलीकडच्या बाजूला बसला. मधे अख्खं मैदान. मी त्याच्याकडे बघत नव्हते. तो माझ्याकडे बघत नव्हता. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघण्यात इतके गुंतलो होतो की कोणत्या बाजूनं गोल झाला हे मला कळलं नाही. टाळ्या पडल्या, मी वळले... झाडाखाली वसू नव्हती.

शेंगांची टरफलं होती. वसू नव्हती.

फाटकाकडे बघावं की रस्त्याकडे, तिकडे घोड्यांचे जटके धावत होते... आणि पलीकडच्या बाजूला एक काळी छत्री उघडली. पाऊस नसताना. ती हात ताठ करून उंच धरलेली होती, आणि तिच्याखाली, बाकावर उभी राहून, वसू मला हात करत होती.

मी मैदानाला वळसा घालून कशी गेले, आठवत नाही.

“शेंगा द्यायला आली होती,” बसवंत म्हणाला. “तुम्ही वळायच्या आत छत्री वर करायची होती. थोडा उशीर झाला. चेहरा पांढरा पडलाय तुमचा. बसा की.”

“तुम्हाला कसं कळलं मी वळणार ते?”

“एवढ्या मॅचा बघतोय, एवढं कळणार नाही? उशीर आणखी झाला असता तर तुम्ही मैदानातनंच पळत आला असता, आणि रेफरीनं फाऊल दिला असता.”

मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग डोळे भरून आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्या आधी दुसऱ्या कुणीतरी मागे वळून बघितलं होतं. वसूचा हात धरून परतताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. आज त्यानं मला एकदाही अक्का म्हटलं नव्हतं.

पण हे मैदान होतं, आणि मैदानाला डोळे असतात. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या, “भावाच्या नोकरीसाठी बहीण छान मेहनत घेते हो. उन्हातान्हात, छत्रीखाली.”

घागर भरून वाहायला लागली तरी मी तशीच उभी. बरोबरच होतं त्यांचं. त्रिविक्रमला घेतलं, तर लोक म्हणणार बहिणीमुळे. नाही घेतलं, तर आमच्या दारात त्या माणसाला पाऊल ठेवता येणार नाही. मी दोन्हीकडून अडकले होते. एकदा वाटलं, देवा, घे त्याला. एकदा वाटलं... काय वाटलं ते लिहायची लाज वाटते.

शेवटच्या मॅचला त्रिविक्रम फार सुंदर खेळला. चेंडू यायच्या आधी दर वेळी मान वळायची. मी मनातल्या मनात म्हणायची, तांब्या. झारा. पळी. पलीकडे बसवंत हनुवटीला हात लावून बसला होता. त्या दिवशी तो एकदाही हसला नाही.

---

रविवारी संध्याकाळी आमच्या फाटकाची कडी वाजली. यादी सोमवारी लागायची होती. दारात बसवंत, हातात छत्री, चपला काढू की नको अशा विचारात.

अण्णांनी खुर्ची पुढे केली. “या, बसा. अहल्या, कॉफी ठेव.”

“आधी ऐका,” तो उभ्यानंच म्हणाला. “मग कॉफी द्यायची का ते ठरवा.”

त्रिविक्रम आतल्या दाराशी आला. मी वसूला घट्ट धरलं.

“देवाप्पा म्हणून एक पोरगा हाय, दुसऱ्या कॉलेजचा. त्याला घेतलं. त्रिविक्रमचं नाव नाही.” तो थेट माझ्या भावाकडे बघत होता. “उद्या फळ्यावर वाचायच्या आधी मी तोंडानं सांगायचं ठरवलं.”

“मी वळून बघत होतो,” त्रिविक्रम म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “दर वेळी.”

“मान वळत होती रे. नजर वळत नव्हती. मागं कोण हाय ते दिसलं असतं, तर तू चेंडू दुसऱ्याला दिला असतास. तू वळायचास आणि आधी ठरवलेलंच करायचास.” मग म्हणाला, “कुणीतरी मन लावून शिकवलंय, ते कळलं मला.”

मी खाली बघितलं.

ही बातमी वाईट होती. घर ज्यावर उभं राहणार होतं, ते गेलं होतं. तरी माझी छाती मात्र धडधडायची थांबली होती, आणि त्याचंच मला नवल वाटत होतं. वसूचे वडील ऑफिसातच वारले, त्या दिवशी सगळ्यांना ते माहीत होतं, मी सोडून. दिवसभर मला ‘बरे आहेत’, ‘जरा चक्कर आली’ असं सांगत होते. मी वाईट बातमीला भीत नव्हते कधी. मी भीत होते ती बातमी लपवणाऱ्या चेहऱ्यांना. आणि हा माणूस, सगळं गमवायचं माहीत असून, उभ्यानं ‘नाही’ सांगत होता.

“मग आता?” त्रिविक्रमनं विचारलं. तो अजून रागात होता, पण गेला नव्हता.

“पुढल्या वर्षी परत ये. नजर वळायला वर्ष पुरे झालं. फक्त... तुला बघायला दुसरा माणूस येईल. मी नसणार.”

“का? तुम्ही का नाही?”

बसवंतनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. “घरच्या माणसाला कसं पारखायचं...” तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते त्याला कळलं. कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे... तसं काही... तुमच्या सगळ्यांची हरकत नसली तर. असली तर मी बघायला येईन. म्हणजे मॅच.”

मला वाटलं आता अण्णा उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, त्याच्याकडे नीट बघितलं.

“अहल्या,” ते म्हणाले, “कॉफी ठेव म्हटलं होतं ना मघाशी?”

त्रिविक्रम भिंतीला टेकला. “साखर घालू नको याच्या कॉफीत,” तो पुटपुटला. वसू म्हणाली, “मी घालते दोन चमचे.”

कॉफी झाली. तो निघाला, तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. विचारलं त्यानं काहीच नव्हतं मला. विचारायला हवं होतं, पण घरातले सगळे ओसरीवर उभे होते. “येतो,” एवढंच म्हणाला.

गल्लीतून तो चालत गेला, एका पायाला जपत, छत्री काखेत. वळणावर गेला की दिसेनासा होणार. हाक मारावी का? अण्णांसमोर? गोदूबाईंची खिडकी उघडी होती. जुनी धडधड पुन्हा सुरू झाली... हा गेला आणि परत आलाच नाही तर...

हाक माझ्या ओठांवर यायच्या आधीच तो वळला. नुसती मान नाही. नजरेसकट.

“सरी,” मी म्हटलं. फार हळू म्हटलं. इतक्या लांब ऐकू जाणं शक्य नव्हतं.

वळणावर उभ्या उभ्या त्यानं तळहात पुढे केला, आभाळाकडे पाहिलं, आणि थांबून राहिला. हातावर एकही थेंब पडला नाही.