लांब हाताची फुली

भरदुपारी, हातात चुन्याची बादली घेतलेला धडधाकट माणूस जातो तरी कुठे? दीपकने पोलिसांना विचारलं, सर्व्हेच्या साहेबांना विचारलं. कोणीच सांगितलं नाही.

हेमराज, त्याचा थोरला भाऊ, मेहरूण तळ्यामागच्या माळावर ड्रोनसाठी चुन्याच्या फुल्या मारायचा. वरून फोटो निघायचे, त्यावर शहराचा नकाशा ठरायचा: इथे घरं, इथे बाग. चौथीत शाळा सोडलेला दीपक मागून डबा घेऊन जायचा. त्याच्यासाठी हेमराज फुलीचा एक हात लांब ओढायचा. पुढे जिकडे जाणार, तिकडे. साहेब ओरडायचे. हेमराज हसायचा, "आमना दीपकले नकाशा समजस नही, साहेब. हात समजस."

हेमराज नाहीसा झाल्यावर दोन महिन्यांनी फुल्यांचं काम दीपककडे आलं. फोटो आले त्या दिवशी तो ऑफिसातच होता. नकाशा करणाऱ्या कामिनी मॅडम स्क्रीनवरच्या माळावर पिवळा रंग भरत होत्या. पिवळा म्हणजे वसाहत. आठवड्यात सगळं सपाट होणार होतं.

मॅडमचा हात थांबला.

"दीपक, तू अकराच फुल्या मारल्या ना? मग ही बारावी?"

त्यांनी मागचे फोटो लावले. ड्रोन दर दोन सेकंदांनी फोटो घेतो. पहिल्यात नुसती माती. दुसऱ्यात एक पांढरी रेघ. तिसऱ्यात फुली. चौथ्यात तिचा एक हात लांब... आणि आसपास माणूस कुठेच नाही.

"मॅडम, हाई मन्हा भाऊनी फुली शे!"

"अरे, थांब... दीपक!"

तो पळतच सुटला. पायात काटे मोडत होते, छातीत आनंद मावत नव्हता. सापडला, भाऊ सापडला! फुलीचा चुना अजून ओला होता. लांब हात वेड्या बाभळींकडे. बाभळींखाली पाल्याने झाकलेली, कठडा नसलेली विहीर. तळाशी पांढरी बादली. आणि भाऊ.

अंत्यविधी झाला. मॅडमनी नकाशावर तो तुकडा हिरवा केला, बागेचा. दीपकने विहिरीपाशी फुली मारली, चारही हात सारखे.

"आते कोठेबी जाऊ नको, भाऊ. बस."

पुढच्या वेळचे फोटो आले तेव्हा मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. फुलीचा एक हात लांब झाला होता. थेट तळ्यापलीकडे, दीपकच्या खोलीच्या दिशेने.

दीपक धावतच घरी आला. सण असल्यासारखी दोन ताटं मांडली, कळण्याची भाकरी, ठेचा वाढला. दाराबाहेरून ओल्या चुन्याचा वास येत होता...

त्याने कडी काढली.