बादलच्या नावाची लीद

वरवट बकालच्या रस्त्यावर दोन शिंगरं आडवी उभी होती, म्हनून उमैमाची स्कुटी थांबली. संग्रामपूरच्या जनावराच्या दवाखान्यात ती नवी डॉक्टर.

"ओ... हटवा यायले!"

"हॉर्न नका वाजवू मॅडम, लाजतात ते," फहीम म्हने. वरातीच्या घोड्या पाळनाऱ्या फारुखचाचाचा हा पोरगा. हासला की एकाच गालाले खळी पडे.

उमैमानं खळी पाह्यली... मंग लहान्या शिंगराचं पोट पाह्यलं.

"पोट मटक्यावानी अन् बरगड्या वर. काऊन?"

"बादल हाय तो, अन् ते मोठी बिजली. बादल खाते लय."

"तो नाही खात. आतले जंत खातात."

एकाच कुरनात सालोसाल चारनं, लीद तिथंच पडनं, गवतासंगं जंताची अंडी पोटात जानं... तिनं सारं समजावलं. दोन्ही शिंगरायले औषध पाजलं. "रोज लीद उचला. अन् पंधरा दिवसाले ताजी लीद आना, पिशवीवर नाव टाकून. औषध लागू झालं का नाही, ते लीदच सांगते."

लोकं गुलाब आनतात, फहीमनं लीद आनली.

पयल्या खेपेले मायक्रोस्कोपमंदी अंडीच अंडी. "कुरन साफ केलंच नाही ना तुमी?" तिनं दुसरं औषध देल्लं, पन त्या दिवशी ती हासली नाही.

दुसऱ्या खेपेले पिशव्या एकदम साफ.

"अरे वा! हुशार निघाला तू तर!" ती हासली. चहा पाजला.

"मंग रोज आनू?"

"...लीद?"

"लीद तं बहाना हाय, मॅडम."

तिनं झटकन डोळा मायक्रोस्कोपले लावला. कान मात्र लाल झाले.

अशा साफ पिशव्यायच्या तीन खेपा झाल्या. रिपोर्ट साफ, म्हनून तिनं पुढचं औषध थांबवलं.

मंग एका सकाळी फोन. बादल लोळून राह्यला, पोटाले लाता मारून राह्यला. ती पोचली, सुई देल्ली. दुपारपर्यंत शिंगरू तिच्या मांडीवर डोकं ठेवून मेलं.

पोट फाडलं तं आतडं पांढऱ्या, वीत-वीत लांब जंतानं गच्च भरून फुटलेलं.

कोपरापर्यंत रक्तानं भरलेले हात घेऊन ती तिथंच बसली. "माहीच चूक, चाचा. मीच औषध थांबवलं. माह्या हातानं मेलं लेकरू... बदलीचा अर्ज देते मी."

फहीम चूप राह्यला असता, तं सारं निभलं असतं. ती रडली असती, यानं डोळे पुसले असते.

"लीद... बादलची नव्हती," तो म्हने.

"काय?"

"म्हाताऱ्या घोडीची होती. तिच्या पोटात जंत नसतात, मले माहीत होतं. तुमी हासाव्या म्हनून..."

"साफ निघाल्या त्या तिनई खेपा?"

"हाव."

चाचानं मान फिरवली.

"अन् बिजलीची?"

"...तेबी घोडीचीच."

उमैमा उठली. बादलीत हात धुतले, हातमोजा चढवला. "धर तिचं डोकं."

बिजलीची लीद तिनं सोताच काढली, पिशवीवर सोताच नाव टाकलं. सारे जंत एकदम मरून आतडं तुंबू नये म्हनून बेतानं औषध पाजलं. फहीमकडं एकदाबी पाह्यलं नाही.

स्कुटीवर बसली, तवा म्हनली, "मले हासवाले काही लागत नव्हतं, फहीम. तू दारात दिसला का हासूच ये."

त्यानं हँडल धरलं. "आता... येशील ना तू?"

तिनं कुरनाकडं पाह्यलं.

"बिजलीसाठी," ती म्हनली, अन् स्कुटी चालू केली.