डाव्या हाताचा रंधा

दोन हजार अठरा साल, डिसेंबरचा पहिला आठवडा. थंडी नुकतीच पडू लागली होती. दिवा बारीक करा आणि मध्ये बोलू नका. ज्या सुताराची ही गोष्ट, तो ओळखीतला माणूस. थापा मारणाऱ्यांतला नव्हे.

पणजोबांनी काढलेल्या दुकानावर त्याला नवी पाटी लावायची होती. रंगारी शुक्रवारी सकाळी येणार. म्हणून गुरुवारी संध्याकाळी पणजोबांचा लाकडी रंधा पिशवीत घालून तो म्हाताऱ्या आत्याकडे गेला.

"आत्या, पणजोबांची माहिती हवी होती."

"आधी माझा चष्मा शोध, मग पणजोबा शोधू."

चष्मा तिच्याच डोक्यावर होता. तो डोळ्यांवर चढवून तिनं रंधा मांडीवर घेतला.

"हा तुझ्या हातात बसतो?"

"कधीच नाही. बाबा म्हणायचे, तुझा हातच कच्चा."

रंध्याच्या मागच्या अंगाला अंगठ्यानं झिजून खळगा पडला होता. उजव्या बाजूला. उजव्या हातानं काम करणाऱ्याचा अंगठा डावीकडे येतो. सुतार लहानपणापासून तो खळगा बघत होता. कधी विचार केला नव्हता.

"डावखुऱ्याचा आहे हा," आत्या म्हणाली. "माझे आजोबा उजवे. डावखुरा त्यांचा धाकटा भाऊ."

"पणजोबांना भाऊ होता?"

"कशाला गाडलेली मढी उकरतोस?... होता. दुकानाचं नाव झालं ते सगळं त्याच्या हातच्या कामानं. एकदा म्हणाला, दादा, मी वेगळं दुकान काढतो. अंगात ताप होता त्याच्या. आजोबांनी रंधा काढून घेतला, त्याला दुकानाच्या मागच्या दारानं बाहेर ढकललं आणि कडी लावली. असेच थंडीचे दिवस. आजी अंथरुणात जागी होती. रात्रभर ऐकत होती."

"काय ऐकत होती?"

"आत घे म्हणाला नाही तो. एवढंच म्हणत होता... दादा, माझा रंधा दे."

"मग?"

"पहाटे आवाज बंद झाला." आत्यानं रंधा परत त्याच्या पिशवीत घातला.

"बाबांना हे ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं होतं. म्हणाला, पोराला कळता कामा नये."

सुतार उठला. आयुष्यभर बापानं त्याचा हात कच्चा ठरवला होता. कारण ठाऊक असून.

दुकानातच मागे त्याची खोली. त्या रात्री बायको माहेरी होती. त्यानं रंधा टेबलावर आपटला आणि दिवा न लावता बाजेवर पडला. मागचं दार बापाच्या हयातीपासून बंद होतं. खालून फुगून अडकलेलं. रात्री एकच्या सुमाराला त्या दारावर टकटक झाली.

खाली. अगदी खाली. उंबऱ्यावर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं.

कुत्रं असेल, म्हणून तो पडून राहिला.

पुन्हा टकटक.

"कोण आहे?"

कुणी नाही. फक्त श्वास. ओढून घेतलेला. तापातला.

मग आवाज आला.

"दादा..."

सुतार बाजेवर उठून बसला.

"दादा... माझा..."

पुढं काही नाही. गप्प. श्वासही नाही.

ती शांतता त्याला सोसेना. तो उठला. चाचपडत रंधा घेतला. कडी काढली. दार हलेना. खांदा लावला, लाथ घातली. फरशीवर कर्र करत ते वीतभर सरकलं. बाहेर काळोख. थंडगार.

"आजोबा," सुतार म्हणाला, "मी दादा नाही. दादाचा पणतू आहे. मलाही फसवलं हो त्यांनी. हा घ्या. तुमचाच आहे."

त्यानं रंधा फटीतून बाहेर उंबऱ्यापाशी ठेवला.

काळोखातून एक हात आला. डावा.

त्यानं डोळे मिटले.

उघडले तेव्हा फटफटलं होतं. तो दाराशी बसला होता. रंधा उंबऱ्यावर नव्हता, अंगणात नव्हता, कुठंच नव्हता. थोड्या वेळानं रंगारी डबे घेऊन आला.

"मालक, पणजोबांचं नाव केवढं काढू?"

"त्यांचं नको. त्यांच्या धाकट्या भावाचं काढ. आत्याला विचारून येतो."

उठताना त्याचा हात दाराला लागला. रात्री खांदा लावूनही जेमतेम वीतभर सरकलेलं दार बोटाच्या धक्क्यानं सरळ उघडलं. आवाज न करता. त्यानं खाली वाकून पाहिलं. दाराची खालची कड नव्यानं तासलेली होती. फरशीवर लाकडाची एकच लांब ढलपी पडली होती, ताजी, वास येणारी. वळलेली, पण त्याच्या हातून निघते तिच्या उलट्या बाजूला.