जमनीचं वजन

पुसदच्या बाहेर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात सुरभी वानखडे मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायची. वर टिनाचं छप्पर, त्यावर पारवे, खाली तोल साधायचा एक अरुंद लाकडी बीम आणि चार उसवलेल्या गाद्या. अठराव्या वर्षी ती स्वतः राष्ट्रीय निवडीत अर्ध्या गुणानं हुकली होती, मग गुडघा गेला. त्या अर्ध्या गुणाचा राग तिनं सोळा वर्षं सांभाळला होता.

जानेवारीत बातमी आली. ऑलिम्पिकच्या हंगामाआधी शिबिर भरणार होतं आणि त्याची निवड चाचणी मार्चमध्ये पुण्याला होती. न्यावी अशी पोरगी सुरभीकडे एकच होती, तांड्यावरची जमनी राठोड. वय पंधरा, उडी अशी की पाहणाऱ्यानं श्वास धरावा. पण वर्षभरात तिचं अंग भरलं होतं. सुरभीनं सगळ्या मुलींसमोर तिला काट्यावर उभं केलं. चव्वेचाळीस किलो.

"बीमवर म्हशी चढवत नाही आपण," सुरभी म्हणाली. मुली हसल्या.

तेव्हापासून जमनीचा डबा आला की सुरभी तो उघडायची आणि भाकरी दारातल्या कुत्रीला घालायची. जमनी बाजूला उभी राहून कुत्रीचं खाणं पाहायची. ती रडली नाही कधी.

पंधरा दिवसांत काटा चाळीसवर आला. सुरभी खूश झाली. पुढच्या सोमवारी छत्तीस, त्याच्या पुढच्या सोमवारी एकोणतीस. सुरभीला वाटलं, काटा बिघडला. तिनं स्वतः चढून पाहिलं तर बरोबर बासष्ट. तिनं जमनीकडे नीट पाहिलं. गाल तसेच भरलेले, दंड तसेच गोल. पोशाखाची शिवण कुठं सैल नव्हती.

तिनं तानाबाईला, जमनीच्या आईला, बोलावून घेतलं. घरी उपाशी राहते का, असं विचारलं. तानाबाई म्हणाली, रात्री चार भाकरी खाते, वरून दूधही पिते. मग तिनं सांगितलं की पोरगी अंगणातून चालते तेव्हा कोंबड्या बाजूला होत नाहीत.

सुरभीनं ते कानाआड केलं, कारण जमनीची उडी वाढत होती. दोन गिरक्यांना हवेत जागा पुरत नसे, तिथं आता तिसरीपुरती जागा उरत होती. फक्त एक गोष्ट सुरभीच्या ध्यानात आली. पोरी गादीवर उतरल्या की छपरावरचे पारवे फडफडून उडत. जमनी उतरली की उडत नसत. ती बाजूला झाल्यावर सुरभीनं गादीवरून हात फिरवला. कुठंही खळगा नव्हता.

त्या दिवशी सराव संपल्यावर जमनी तिच्याजवळ आली. आवाज अगदी लहान होता.

"मॅडम, मले खाली याले येळ लागून राह्यला."

"म्हणजे?"

"पाय टेकतच नाही लवकर. वरतीच राह्यतो की काय, असं वाटते. मले भेव लागते, मॅडम. थांबू काय काही दिवस?"

सुरभीला समजलं होतं. पुढं कितीतरी वेळा तिनं स्वतःशी कबूल केलं, की त्या क्षणी तिला सगळं समजलं होतं.

"चाचणी होऊ दे," ती म्हणाली. "मग पाहू."

दुसऱ्या दिवसापासून तिनं वजन करणं बंद केलं. वाळू भरलेल्या दोन जाड पट्ट्या शिवून आणल्या आणि जमनीच्या घोट्यांना बांधल्या. फक्त बीमवर चढताना त्या सुटायच्या.

पुण्यात जमनी बीमवरून सुटली तेव्हा सभागृहातल्या माना वर झाल्या. ती वर गेली, फिरली, आणि मग सावकाश, फार सावकाश खाली आली. पाय जुळलेले, अंग स्थिर. पंचांपैकी एकीनं घड्याळाकडे पाहिलं आणि गुण लिहिले. यादीत जमनीचं नाव पहिलं होतं.

उडी संपताच सुरभी धावत गेली होती आणि टाळ्या थांबायच्या आत तिनं जमनीच्या पायांत पट्ट्या बांधल्या होत्या. लोकांना ते प्रेम वाटलं.

एप्रिलमध्ये शिबिराचं पत्र आलं. पालकाची सही हवी होती. सुरभी भर दुपारी तांड्यावर गेली. तानाबाई दारातच बसली होती. तिनं उठून वाट दिली, पण नजर दिली नाही.

आत जमनी बाजेवर झोपली होती. छातीवरून आणि मांड्यांवरून दोर बाजेला आवळलेले होते. दोर कातडीत रुतले होते, अंगाच्या वरच्या बाजूनं. बाजेवरच, पायथ्याशी, सोयाबीनचं भरलं पोतं ठेवलेलं होतं.

"पट्ट्या पुरेनात मॅडम," तानाबाई म्हणाली. "शिबिरातून परत आणसान ना माही पोरगी?"

"आणीन," सुरभी म्हणाली.

कागद ठेवायला जागा हवी म्हणून तिनं पोतं ओढून खाली उतरवलं.

बाजेचे पायथ्याकडचे दोन पाय जमिनीवरून अलगद उचलले गेले. जमनी जागी झाली नाही.

सुरभीनं वाकून अंतर पाहिलं. चार बोटं असावं. मग तिनं पर्समधून पेन काढलं आणि सही कुठं करायची ते तानाबाईला दाखवलं.