न भरलेल्या पेट्या

काचघराच्या काचेला नाक लावून डॉ. हेमांगी वर्टक बसल्या होत्या. आत प्रयोगशाळेतच वाढलेल्या, पहिल्यांदाच उडणाऱ्या सातेरी मधमाश्या होत्या. समोर मधाने भरलेली करवीची फुलं आणि त्यांच्या शेजारी एक फवारा मारून रंगवलेला, कोरडा कागद.

झाडून साऱ्या माश्या कागदावर बसल्या.

"फवारलेलं फूल यांनी पाहिलेलंच नाही. मग शिकल्या कुठून?" सहकारी डॉ. निरगुडे चक्रावले.

पाकळ्यांवर मधाकडे नेणाऱ्या खुणा असतात. त्या अतिनील प्रकाशात उठतात, म्हणून माशीला दिसतात, आपल्याला नाही. या खुणा ठळक करणारा चिन्हफवारा बारा वर्षांपूर्वी हेमांगीबाईंनीच शोधला होता. कांद्याचं बी दुप्पट निघालं, मग सूर्यफूल, शेवगा, डाळिंब, जो तो फवारत सुटला. न फवारणाऱ्याच्या शेतात माशी फिरकेना, तेव्हा थांबायची सोयच कुणाला राहिली नाही. हे कळेपर्यंत बाईंचे हारतुरे आणि सत्कार उरकले होते!

"शिकल्या नाहीत, उपजतच तशा आहेत," हेमांगी म्हणाल्या. "माश्या पाळणारे पेट्यावाले एका पेटीच्या दोन करतात त्या मधाने भरलेल्या पेट्यांच्याच. आणि भरतात कुणाच्या? ठळक खुणेमागे धावणाऱ्यांच्या. रानफुलांवर जाणाऱ्या माश्यांचा वंश आपण नकळत खुंटवला."

"कागदात मध नाही म्हटल्यावर येतील ताळ्यावर."

माश्यांनी कागद सोडला खरा, पण दुसरी ठळक खूण शोधत त्या काचेवर आपटत राहिल्या. वीतभर अंतरावरच्या करवीकडे एकीनेही पाहिलं नाही. संध्याकाळी त्या खाली पडू लागल्या. हेमांगींना ते पाहवेना.

बाहेर डोंगर करवीच्या फुलांनी जांभळे झाले होते. करवी सात वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. रानातली आग्या मोहोळं कधीच नाहीशी झाली होती. या हंगामात बी धरलं नाही, तर डोंगर उघडे पडणार होते.

"करवीवरही फवारा मारू," निरगुडे हळूच म्हणाले.

फवाऱ्यावर बंदी यावी म्हणून तीन वर्षं भांडणाऱ्या बाईंनी मान डोलावली. दुसरं करणार तरी काय? ड्रोन उडाले, पेट्या डोंगरावर चढल्या आणि करवीत गुणगुण सुरू झाली. बाईंना आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

हंगाम सरताना पेट्यावाले रावजी भांगरे मधाची बरणी घेऊन आले. "ताई, आसं पीक जल्मात पाह्यलं न्हाई. पेट्या नुसत्या वाहत्यात!"

"रावजी, एकही पेटी रिकामी राहिली नाही?" हेमांगींनी विचारलं. "फवारलेल्या फुलांकडे न जाणाऱ्या माश्यांची? मला तीच हवी आहे. त्या माश्यांपासून पुन्हा वंश वाढवता येईल."

"व्हत्या की चार. भलत्याच आडमुठ्या! पलीकडं फवारा न मारलेल्या झुडपांवर हिंडायच्या, मध काय जमंना."

"कुठे आहेत त्या?"

"कमजोर पेटी कोण ठेवतं, ताई? नेहमीसारख्या राण्या मारल्या आन् माश्या भरल्या पेट्यांत मिळवल्या." रावजींनी कौतुकाने बरणी पुढे केली. "चाखून तर बघा."

हेमांगींनी बोट बुडवलं. मध फार गोड होता.