सत्तावन्न नंबर आधी

भुतं रात्रीच येतात हे ज्यानं कोणी पसरवलं, त्यानं मे महिन्यातली जबलपूरची दुपार पाहिलेली नसणार. एक ते चार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, बाहेर भाजून काढणारी लू वाहते आहे, आणि घराघरांतून फक्त कूलरची घरघर. अशा वेळी तुमच्या खोलीत कोणी येऊन बसलं तर शेजाऱ्याला पत्ता लागायचा नाही. तुम्हालाही उशिराच लागेल.

माझ्याविषयी एक आधीच सांगून ठेवतो. बँकेत माझी गोष्ट लोक एक भुवई वर ठेवून ऐकतात, आणि बरोबरच करतात. भेडाघाटला वाहून गेलेली माझी चप्पल मगरीनं परत आणून दिली, हे मीच सांगितलेलं आहे. पण आज जे सांगतो त्यात मी भर घातलेली नाही. घातली असेल तर कूलरच्या आवाजात थोडी.

काम साधं होतं. बायकोचे मोठे भाऊ, अंबादासदादा, फेब्रुवारीत गेले. रांझीच्या कारखान्यात उभा जन्म काढला, लग्न केलं नाही, मागे दोन खोल्यांचं घर ठेवलं. जूनपासून तिथं भाडेकरू येणार होते, म्हणून घर रिकामं करायचं होतं. पलंग गेला, भांडी गेली. उरला दिवाण, कपड्यांचं कपाट, कूलर आणि एक लोखंडी पेटी. पेटीत पाषाणवीर.

तुम्हाला नाव माहीत नसेल. हिंदी कॉमिक्सातला वीर. अंगावर नदीचं पाणी पडलं की संगमरवराचा व्हायचा, गोळ्या आपटून खाली पडायच्या. एकशे बारा अंक निघाले आणि गोष्ट अर्धवट सोडून कंपनी बंद पडली. दादा तरुणपणी याच घराच्या ओसरीवर दोरी बांधून, तिच्यावर हे अंक टांगून भाड्यानं द्यायचे. पोरं पानं फाडून न्यायची म्हणून त्यांनी आठ-आठ अंकांचे गठ्ठे केले, वर-खाली पुठ्ठा लावला आणि दाभणानं जाड दोऱ्याचे टाके घातले. असे चौदा गठ्ठे.

आता ते अंक क्रमानं लावायचे होते, आणि त्यात विनताचा जीव अडकला होता. विनता म्हणजे माझी बायको. दादांना दवाखान्यात नेलं तेव्हा ती मदन महालच्या आमच्या घरून ऑटोनं निघाली होती. वाटेत दादांचा फोन आला. आवाज बसलेला, पण शब्द स्पष्ट. "विनू, पाषाणवीर क्रमानं वाच." एवढंच. ती पोचली तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता. तेव्हापासून ती रडलेली नाही. तेराव्याला साठ माणसांच्या पोळ्या लाटल्या, पण डोळ्यांत थेंब नाही. मला त्या कोरड्या डोळ्यांचीच भीती वाटत होती. भुताची नाही.

"शेवटचं एवढंच मागितलं त्यानं," ती म्हणाली. "तेवढं तरी नीट होऊ द्या."

दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. आम्ही डबा घेऊन रांझीला गेलो. दार उघडलं तशी खोलीतून जुन्या कागदाची आणि बडीशेपेची एकत्र झुळूक आली. दादा दिवसभर बडीशेप चघळायचे. मी कूलरमध्ये पाणी भरलं, खसच्या जाळ्या भिजल्या, घरघर सुरू झाली.

पहिला गठ्ठा उघडला आणि मी हसलो. सगळ्यात वर सत्तावन्नावा अंक. त्याच्याखाली एक, दोन, तीन, अगदी शिस्तीत. आठवा गठ्ठा पाहिला, त्यात छप्पन्ननंतर थेट अठ्ठावन्न.

"दादा मशीनवर पक्के, पण मोजणीत कच्चे," मी म्हणालो. "एकच अंक चुकला. कैची दे."

"टाके तोडता काहून? दादानं घातलेत ते."

"क्रमानं वाचायचं ना? मग सत्तावन्न छप्पन्नच्या मागे नको?"

तिनं कैची पुढं केली. मी दोन्ही गठ्ठ्यांचे टाके कापले. दोरा तटकन तुटला. सत्तावन्नच्या मुखपृष्ठावर पाषाणवीर आडवा पडलेला, संगमरवराला तडे गेलेले, खाली लाल अक्षरांत 'पाषाणवीर की अंतिम साँस'. म्हणजे वीर मरतो तो अंक. तो मी आठव्या गठ्ठ्यात त्याच्या जागी सरकवला, तात्पुरती सुतळी बांधली, आणि फाईल निकाली निघाल्याच्या समाधानानं स्वयंपाकघरात जेवायला बसलो. विनता माझ्यासमोर होती. पन्ह्याचा पेला तिच्या हातात होता. हे मुद्दाम सांगतो.

परत आलो तर पेटीच्या मधोमध, सगळ्यांच्या वर, सत्तावन्न.

"तू काढलास?"

"मी तर तुमच्यासमोर जेवून राहिले होते."

सुतळी जशीच्या तशी होती. गाठही माझीच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरी गोष्ट आली होती आणि ती सांगायला तोंड उघडेना. अंक पुन्हा आत घातला, घराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

रविवारी पुन्हा गेलो. कुलूप काढतो तोच शेजारचे तुळशीरामजी भिंतीवरून डोकावले. कारखान्यातून दादांच्याच बरोबर रिटायर झालेले.

"क्यों भैया, अंबादास की लाइब्रेरी फिर खोल दी क्या?"

"नाही. काहून?"

"कुछ नहीं," ते म्हणाले. "आज सवेरे से पन्ने पलटने की आवाज आ रही थी. हमने सोचा आप लोग रात यहीं रुक गए."

विनतानं माझ्याकडे पाहिलं. मी किल्लीकडे पाहिलं.

आत पेटी बंद होती. उघडली. वर सत्तावन्न. मी यावेळी त्याला हात लावला नाही. विनतानं दिवाणावर बसून एक नंबर उघडला, पण तिचं लक्ष नव्हतं. तीच ती चौकट दहा मिनिटं धरून बसली होती. मी बाजूच्या खोलीत कपाटातले कपडे काढत होतो.

दोन वाजता लाईट गेली.

कूलर आधी मंदावला, मग टपटप पाणी गळलं, मग तेही थांबलं. मे महिन्यात कूलर बंद पडला की जी शांतता येते ती कानात दुखते. त्या शांततेत मला आवाज आला.

फर्र.

थोडं थांबून... फर्र.

एखादा माणूस सावकाश, चव घेत वाचत असला की अशी पानं उलटतात. मी म्हटलं, विनता वाचते आहे. दारातून पाहिलं. विनता हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्याजवळचा अंक बंद होता. ती पेटीकडे पाहत होती.

"तुम्हालाही ऐकू येऊन राहिलं?" ती अगदी हळू म्हणाली.

मी मान हलवली. आवाज थांबला. थांबला म्हणजे कोणीतरी आमचं बोलणं ऐकायला थांबावं, तसा.

मी पेटीपाशी गेलो. गेलो असं म्हणतो, पाय गेले, मी मागे होतो. सत्तावन्न उघडा पडला होता, शेवटच्या पानावर. त्या पानाचा खालचा कोपरा ओला होता. बोटाला थुंकी लावून पान उलटलं की उमटतो तेवढाच गोल. मी वाकून पाहिलं आणि वास आला. बडीशेप.

"दादा असेच पान उलटायचे," विनता माझ्या खांद्यामागून म्हणाली. "आई ओरडायची त्याला, गिऱ्हाईकाची पुस्तकं उष्टी करतो म्हणून."

तिनं तो अंक उचलला. न घाबरता. तिथंच जमिनीवर बसून पहिल्या पानापासून वाचला. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो, कारण पाठीमागे काहीतरी पक्कं असावंसं वाटत होतं. ती शेवटच्या पानाशी आली. ओल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आणि तिचा चेहरा बदलला.

"मी नऊ वर्षांची होते हो," ती म्हणाली. "बाबा गेले त्याच हप्त्यात हा अंक आला होता. मी तेव्हा पाषाणवीर वाचणंच सोडलं. वाटायचं, पुढच्या पानावर तोही मरेल. सगळेच मरतील. झोपत नव्हते, जेवत नव्हते. दादा एकोणीस वर्षांचा. बाबांच्या जागेवर नुकताच लागलेला. एका दुपारी कामावरून आला, सगळे गठ्ठे खोलले, आणि माझ्यासमोर हा अंक उचलून सगळ्यात आधी शिवला."

बाहेर कुठंतरी लोखंडी फाटक वाऱ्यानं कण्हलं.

"म्हणाला, विनू, हे बघ, मरण सुरुवातीलाच देऊन टाकलं. झालं. आता एक नंबर उघड. मी विचारलं, मेला तर मग हा पुढं कसा हिंडतो? तर म्हणाला, तेच तर वाचायचं आहे."

"मग?"

"मग काय. वाचले सगळे. भीतीच गेली. जो मेलाच आहे त्याचं कोण काय करणार..."

इथं तिचा आवाज फुटला. फेब्रुवारीपासून अडकलेलं सगळं त्या जमिनीवर वाहून गेलं. मी शेजारी बसलो, तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हाताशेजारी आणखी एक हात होता असं मी म्हणणार नाही. पण तिची पाठ उन्हात ठेवलेल्या पितळी भांड्यासारखी दोन जागी गरम लागत होती, आणि हात माझा एकच होता.

लाईट आली. कूलर खोकला, सुरू झाला. विनतानं डोळे पुसले आणि सत्तावन्न एक नंबरच्या वर ठेवला.

"दाभण शोधा," ती म्हणाली. "पुन्हा शिवू."

दाभण मिळालं नाही. लागलंही नाही. मी कपाट धुंडाळून परत आलो तेव्हा पहिला गठ्ठा शिवलेला होता. विनता मोरीवर तोंड धूत होती, तिनं पाहिलं नव्हतं. मी दोरा नखानं चाचपून पाहिला. तोच जुना, मळका दोरा. मी मधोमध कापला होता तो. त्याला कुठंही गाठ नव्हती.

पेटी आम्ही मदन महालला घरी आणली. विनता रोज दुपारी एक अंक वाचायची, दादांच्या क्रमानं. जेवायला लागली, भांडायला लागली, माझ्या गोष्टींवर भुवई वर करायला लागली. मुलगी अंतरा फोनवर म्हणाली, आई नॉर्मल झाली. सप्टेंबरात एकशे बारावा अंक संपला. त्याच्या शेवटी पाषाणवीर एका बंद दारासमोर उभा आहे, हात कडीवर, आणि खाली लिहिलंय, 'शेष अगले अंक में'. तो अगला अंक कधी छापलाच गेला नाही. दादा कित्येक वर्षं स्टेशनच्या बुकस्टॉलवर जाऊन विचारायचे, आला का एकशे तेरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरीच होतो. आतल्या खोलीतून विनताच्या हसण्याचा आवाज आला. मोठ्यानं नाही, वाचता वाचता गोष्टीतली गंमत कळल्यावर हसतात तसं. मग फर्र.

दारात जाऊन पाहिलं. ती एकटी, पाय वर घेऊन बसलेली. मांडी रिकामी.

"काय वाचतेस?"

"एकशे तेरा," ती म्हणाली, जसं भाजीचं नाव सांगावं. "चांगला आहे. दार उघडलं त्यानं."

"आत काय होतं?"

"सांगितलं तर मजा जाईल." मग माझ्याकडे पाहून तिनं प्रेमानं हसून सांगितलं, "तुम्हीसुद्धा आहात त्यात. घाबरू नका. पण क्रमानं वाचा."

आणि तिनं बोटाला जीभ लावली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिला ही सवय कधी नव्हती.

तेव्हापासून मीही वाचायला बसलो आहे. सत्तावन्नपासून सुरू करायचं, असं ती रोज सांगते. मी मुद्दाम एकपासून सुरू केलं. रोज एकच, सावकाश. सत्तावन्नला पोचायला मला घाई नाही, हे तुम्ही समजू शकाल.

काल बारावा संपवला. तेराव्यासाठी दुसरा गठ्ठा काढायला न बघताच पेटीत हात घातला, तर हातात आला पहिला गठ्ठा, सगळ्यात वर सत्तावन्न. पहिल्या पानाचा कोपरा ओला होता. पान मात्र अजून उलटलेलं नव्हतं. कोणीतरी बोट लावून, माझ्यासाठी थांबून राहिलं होतं.