पहिला पाव कोणाचा

"अहो, तुमचं काहीतरी करपतंय!"

आवाज वरून आला. ती दचकलीच. चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात ती एकटी होती, आणि देवाचा आवाज इतका खट्याळ असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. भट्टीचं दार उघडलं, तर खरंच – पावांची मागची रांग काळी पडायला लागलेली. खिडकीबाहेर, परांचीच्या ओल्या फळीवरून आधी दोन बूट लोंबले, मग गुडघे, मग एक उलटा चेहरा. केसांत काचेची बारीक धूळ.

"एक द्या ना. करपलेला चालेल."

"करपलेलं आम्ही कुणाला देत नाही."

"मग चांगला द्या!"

तिला हसू आलं. आपल्याला अजून असं हसता येतं, हे तिलाच नवीन होतं.

तो काचवाला. चर्चच्या रंगीत खिडक्या दुरुस्त करायला आलेला. ती तिथली स्वयंपाकीण. ज्यांच्या घरी दुपारची चूल पेटत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी रोज सूप आणि पाव करायची. नवरा कामासाठी म्हणून दूर गेला तो तिकडचाच झाला. मागे राहिली ती, तिची आई, आणि चार वर्षांची भिंगरी. भिंगरी जागेवर ठरायची नाही म्हणून हे नाव. फक्त भट्टी उघडायच्या वेळी ती स्टुलावर गुपचूप बसायची. पहिला, सगळ्यांत लहान पाव तिचा असायचा. या फुंकरीतून त्या फुंकरीत, या हातातून त्या हातात...

काचवाल्यानं एक खिडकी उतरवून मागच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर आडवी घातली होती. गारपिटीत तिचा एक कोपरा पार चुरा झाला होता. पाव मागायला तो आत येई, आणि पाव पोचवायला ती त्याच्या टेबलाशी जाई. कोण कुणाकडे जास्त वेळा जातं, हे दोघांनीही मोजलं नाही.

"ओळख बरं, हा कोण?" जुन्या काचेवरचा धुरकट चेहरा ओल्या बोटानं पुसत त्यानं विचारलं.

"बायबलमधला, दुष्काळातला संदेष्टा. आणि ही ती विधवा. घरात मूठभर पीठ नि चमचाभर तेल. माझ्या आईनं शंभरदा सांगितलीय ही गोष्ट. आणि मला दर वेळी राग आलाय."

"कुणाचा?"

"याचाच की! ती बिचारी म्हणतेय, एवढ्या पिठाचं करीन, मी नि माझं लेकरू खाऊ, मग मरू. आणि हा बाबा काय म्हणतो? आधी मला कर!"

तो खळखळून हसला. "पण तिनं दिलं ना? आणि तिचं पिठाचं मडकं पुढे कधी रिकामं झालं नाही." मग आवाज जरासा खाली आणून... "तू पण विश्वास ठेवून बघ. उद्यापासून पहिला पाव माझा."

'अहो'चं 'तू' कधी झालं? तिनं ओढणी नीट केली. कान मात्र तापले होते.

आणि तो खेळच होऊन बसला. भट्टी उघडली की खिडकीतून हात आत यायचा – "आधी संदेष्ट्याला!" पाव देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर जास्तच रेंगाळत. तिला आयुष्यभर सगळ्यांनी वाढ म्हणून सांगितलं होतं; तिच्या हाताचा स्वाद डोळे मिटून घेणारा हा पहिलाच.

पहिल्या दिवशी भिंगरीनं विचारलं, "माझा?"

"तुझा नंतरचा हं, राणी. काका पाहुणे आहेत."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लेकरू शहाणं झालं म्हणून तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच कुठेतरी बारीक खडा टोचत राहिला. हट्ट न करणाऱ्या मुलाची काळजी करावी की कौतुक?

एके दुपारी त्यानं विचारलंच. दुसऱ्या शहरात मोठं काम मिळालं होतं, वर्षा-दोन वर्षांचं. "चल माझ्याबरोबर. लग्न करू."

तिनं हातातली परात खाली ठेवली. "आणि... भिंगरी?"

"येईल की. आपला जम बसला की. तोवर आजी आहेच ना."

घरी आईनं ऐकून घेतलं. "जम बसायला किती दिवस लागतात गं?" एवढंच म्हणाली आणि भिंगरीच्या वेण्या घालत राहिली.

"खिडकी बसली की सांगते," असं तिनं त्याला कबूल केलं. मनात हो होतं. अगदी ओठांपर्यंत आलेलं.

खिडकी बसली त्या सकाळी छान ऊन पडलं. त्यानं तिचा हात धरून तिला चर्चमध्ये नेलं, डोळे मिटायला लावले. "उघड आता!"

रंग नुसते उसळत होते. संदेष्ट्याचा लाल झगा, विधवेची निळी ओढणी, पुढे केलेला हात, हातात भाकर. आणि कोपऱ्यात एक भलंमोठं मडकं, उन्हानं पिवळंधमक.

ती बघत राहिली. पुन्हा पुन्हा बघत राहिली.

"मूल कुठंय?"

"अं?"

"तिचं मूल. इथं, या कोपऱ्यात होतं. आईची ओढणी धरून."

"अगं, त्याचाच तर चुरा झाला होता. नवा चेहरा काचेवर रंगवायचा, मग ती काच भट्टीत भाजायची, म्हणजे महिना गेला असता. मडकं जरा मोठं केलं. मुलाशिवाय जास्त मोकळं दिसतंय ना? कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

तो मनापासून खूश होता. लबाडी असती तर भांडता तरी आलं असतं.

"त्या गोष्टीत पुढे एक वाक्य आहे," ती हळूच म्हणाली. "आधी मला दे... आणि मग तुझ्यासाठी नि तुझ्या मुलासाठी कर. तो संदेष्टा मूल विसरला नव्हता. मी उगाच इतकी वर्षं त्याच्यावर रागावले."

"हे काय मध्येच? भूक लागलीय मला. चल, भट्टी उघड."

तिनं भट्टी उघडली. सगळ्यांत लहान पाव काढला, फुंकर घातली आणि स्टुलावरच्या भिंगरीच्या ओंजळीत ठेवला. "घे राणी. आधी तू."

भिंगरीनं पावाकडे पाहिलं. खाली उतरली. तुरुतुरु दाराशी उभ्या असलेल्या त्याच्याकडे गेली आणि दोन्ही हात उंच करून म्हणाली, "काका, हा तुमचा. माझा नंतरचा असतो."

"शहाणी गं बाई!" तो हसला. आणि त्यानं पाव घेतला.

मोठा घास तोडला, डोळे मिटले. "मग? काय ठरलं?"

"नाही," ती म्हणाली.

त्यानं कारण विचारलं. तिनं सांगितलंही असतं, पण त्याच्या हातात अजून अर्धा पाव होता.

तो गेला. परांची उतरली. खिडकी तशीच आहे, खरंच कुणाच्या लक्षात आलं नाही. तिला अजूनही कधी कधी वरून आवाज आल्यासारखा वाटतो. मान वर जाते... बाहेर नुसतं आभाळ असतं.

पहिला पाव पुन्हा भिंगरीचा झाला. पण ती तो लगेच खात नाही. ओंजळीत धरून दाराकडे बघत उभी राहते, आणि आईला रोज म्हणावं लागतं, "खा गं... कुणी नाही यायचं. तुझाच आहे."